आधी इंजिन, मग विमान : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या पानावर विसाव्या शतकातल्या विमानांबद्दल लिहिलं होतं. त्यात माझं म्हणणं असं होतं की, विमानाचा आकार, वेग, तिकिटाचा दर, यातलं जे जे बदललं ते बहुतेक वेळा आधी इंजिन बदललं म्हणून. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना पटलं, काहींनी कडक हरकत घेतली. माझी नोकरी सांताक्रूझला विमानाच्या इंजिनांच्या ओव्हरहॉल शॉपमध्ये झाली, त्यामुळे इंजिनाकडे माझा ओढा असणार हे उघड आहे. तरीही जे लिहिलं ते पुराव्यानिशी लिहिलं होतं, आणि उत्तरंही तशीच देतो.

प्रश्न : आजोबा म्हणतात की राइट बंधूंच्या आधी, 1895 मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं. आमच्या बाई म्हणतात राइट बंधूच पहिले. मला वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं आहे. मी काय सांगू? (इयत्ता नववी, कळवा)

आजोबांची ती गोष्ट मीसुद्धा लहानपणापासून ऐकत आलोय. तळपदे मुंबईचे, संस्कृतचा मोठा व्यासंग असलेले, आणि त्यांना विमानाचा ध्यास होता. त्यांच्याबद्दल आदरानेच बोल. पण 1895 चं ते उड्डाण झालं हे दाखवणारं छायाचित्र, आराखडा, इंजिनाचा एखादा भाग, असं तपासून बघता येईल असं काहीच पुढे आलेलं नाही. या संदर्भात ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचं नाव घेतात, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी केला आणि 1974 मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तपासणारे आपलेच शास्त्रज्ञ होते आणि त्यांनी ग्रंथातलं एकेक यंत्र विज्ञानाच्या कसोटीवर लावून पाहिलं, हेही भाषणात सांग.

आता एक तुलना बघ. अमेरिकेत सॅम्युअल लँगली नावाच्या शास्त्रज्ञाने 6 मे 1896 रोजी वाफेच्या इंजिनावर चालणारी, माणूस नसलेली विमानाची प्रतिकृती पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडवली. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल तिथे हजर होते, त्यांनी फोटो काढला. म्हणून ते उड्डाण सगळं जग मानतं. तरीही लँगलीला कुणी ‘पहिला’ म्हणत नाही. कारण पुढे त्याने माणूस बसेल असं मोठं विमान केलं, त्याला 52 अश्वशक्तीचं उत्कृष्ट इंजिन बसवलं, आणि 8 डिसेंबर 1903 रोजी ते उडता उडताच मोडून नदीत पडलं. त्यानंतर नऊच दिवसांनी, 17 डिसेंबरला, राइट बंधू जेमतेम 12 अश्वशक्तीच्या इंजिनावर उडाले. पहिली झेप 12 सेकंदांची, 120 फुटांची. त्याच दिवशीची चौथी 59 सेकंदांची, 852 फुटांची.

माझ्या इंजिनाच्या विधानाला सगळ्यात मोठा अपवाद हाच आहे, आणि तो सांगायला मला आवडतं. चौपट ताकदीचं इंजिन हरलं आणि लहान जिंकलं, कारण राइट बंधूंनी वेगळा प्रश्न सोडवला होता: हवेत गेलेलं यंत्र ताब्यात कसं ठेवायचं? त्यांनी पंखांची टोकं पीळ देऊन वाकवली, पुढे नाकाचा चढउतार करणारी पट्टी लावली, मागे सुकाणू लावलं. 1901 मध्ये आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा, म्हणजे आतून वारा सोडायची पेटी, करून पंखांचे दोनेकशे आकार तपासले. आणि हे सगळं लिहून ठेवलं.

भाषणात आणखी एक नाव अवश्य घे, ते सहसा कुणी घेत नाही: चार्ली टेलर. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातला कारागीर. मोटार कंपन्या हलकं इंजिन देईनात, तेव्हा त्याने सहा आठवड्यांत ते हाताने बनवलं. बाहेरचं धड ॲल्युमिनियमचं, आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची धाव गोल फिरवणारा दांडा, पोलादाच्या सबंध ठोकळ्यातून कोरून काढलेला. विमानाचा पहिला मेकॅनिक तो. त्याच्या जन्मदिवशी, 24 मेला, आमच्या पेशाचा दिवस साजरा होतो.

प्रश्न : पूर्वी विमान डोक्यावरून गेलं की घरात बोललेलं ऐकू यायचं नाही. आता विमानं कितीतरी वाढली, पण एकेका विमानाचा आवाज कमी झाला. उलट इंजिनं मात्र पिंपासारखी फुगत चालली आहेत. मोठं इंजिन म्हणजे मोठा आवाज असायला हवा ना? (घणसोली)

तुम्ही नेमकं बघितलंय. या एका प्रश्नात शतकाचा उत्तरार्ध आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पिस्टनचा काळ, म्हणजे मोटारीसारखा सिलिंडरात पिस्टन पुढेमागे धावणाऱ्या इंजिनांचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाचं इंजिन 120 अश्वशक्तीचं. तीन वर्षांनी आलेल्या डीसी-3 ला, ज्याला आपण डाकोटा म्हणतो, प्रत्येकी हजाराहून अधिक अश्वशक्तीची दोन इंजिनं. 21 प्रवासी घेऊन नुसत्या तिकिटांवर नफा कमावणारं पहिलं विमान म्हणून त्याची ख्याती झाली, आणि ऑक्टोबर 1947 मध्ये आपलं सैन्य श्रीनगरला उतरलं ते याच डाकोटांतून. पुढची पायरी कॉन्स्टलेशन. जून 1948 मध्ये एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेली ती याच जातीची. तिच्या एकेका इंजिनात 18 सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे मिळून 144 प्लग. माझ्या आधीच्या पिढीतल्या मेकॅनिकांची बोटं त्या प्लगांनी कायमची काळी झालेली होती. पिस्टन इंजिन तिथे संपलं. आणखी ताकद हवी तर आणखी सिलिंडर, आणखी उष्णता, आणखी बिघाड. शिवाय इंजिन जो पंखा (प्रॉपेलर) फिरवतं त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की फिरवण्यात ताकद वाया जाऊ लागते.

जेटने हा सगळा पसारा काढून टाकला. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलने 1930 मध्ये पेटंट घेतलं, 1937 मध्ये इंजिन चालवून दाखवलं. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होता आणि 27 ऑगस्ट 1939 रोजी त्याच्या इंजिनावर जगातलं पहिलं जेट विमान उडालं. हवा आत ओढा, दाबा, तीत इंधन जाळा, मागे सोडा. बाहेर पडणारा झोत आधी टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवतो, टर्बाइन पुढच्या, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला फिरवतं. पुढेमागे धावणारा एकही भाग नाही, सगळं गोल फिरणारं.

पण त्या जेटमध्ये एक खोट होती. ते थोडी हवा घेत आणि ती भयंकर वेगाने मागे फेकत. वाशीच्या खाडीत होडी वल्हवणारा कोळी बघा. त्याच्या वल्ह्याचं पातं रुंद असतं आणि तो ते सावकाश ओढतो. तेवढाच जोर लावून काठी झपाझप मारली तर पाणी नुसतं उडेल, होडी जागची हलणार नाही. हवेचं गणितही हेच आहे. रेटा मिळतो तो हवेचं वस्तुमान गुणिले वेगातली वाढ, एवढा. पण त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तेव्हा थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा खूप हवा सावकाश ढकलणं स्वस्त पडतं.

म्हणून इंजिनाच्या पुढे मोठा पंखा आला. त्याने ढकललेली बहुतेक हवा आत जळायला जातच नाही, गाभ्याला वळसा घालून बाहेरून मागे जाते. एअर इंडियाने 1960 मध्ये बोइंग 707 घेतली तिला रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनं होती. प्रवासी सेवेत आलेलं या पद्धतीचं पहिलं इंजिन तेच. पण त्यात वळसा घालणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या पावपटीच्या आसपास होती. 1970 मध्ये जंबो जेट सेवेत आलं, त्याच्या इंजिनात हे प्रमाण सुमारे पाचपट झालं. आणि 1995 च्या बोइंग 777 वरच्या, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या जीई-90 इंजिनात आठ-नऊ पट. त्याच्या पंख्याचा व्यास 3 मीटरहून जास्त आहे.

आवाजाचं उत्तरही यातच आहे. जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने 1952 मध्ये मांडलं की जेटच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती दोनशेहून जास्त पटींनी उतरते. झोत सावकाश झाला, त्याच्याभोवती थंड हवेचं वेष्टण आलं, आणि तुमच्या घरातलं बोलणं तुम्हाला ऐकू येऊ लागलं. पिंप फुगलं म्हणूनच आवाज बसला.

पंखा मोठा करणं मात्र सोपं नव्हतं. एकेक पातं फिरताना बाहेर सुटायला बघतं, त्या ओढीने त्याच्या मुळाशी कित्येक टनांचा ताण येतो. रोल्स-रॉइसने 1960 च्या दशकाच्या अखेरीस कार्बनच्या धाग्यांची हलकी पाती करून पाहिली. पक्षी आदळल्यावर काय होतं याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे परतावं लागलं, त्या इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला, आणि फेब्रुवारी 1971 मध्ये एवढी मोठी कंपनी दिवाळखोरीत निघाली. ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेऊन वाचवली. तीच कल्पना, पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी लावून, जीई-90 मध्ये यशस्वी झाली. मधे जवळजवळ पाव शतक गेलं.

आणि ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त प्रेम आहे तो कुणाला दिसतच नाही: ज्वलनकक्षाच्या लगेच मागचं टर्बाइनचं पहिल्या रांगेतलं पातं. तळहातावर मावतं. त्याच्या अंगावरून जाणाऱ्या वायूचं तापमान, ते पातं ज्या धातूचं आहे त्याच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त असतं. ते वितळत नाही, कारण आतून पोकळ असतं. पोकळीत कॉम्प्रेसरची तुलनेने थंड हवा सोडलेली असते आणि ती पात्यावरच्या बारीक बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पात्याभोवती पातळ पडदा धरते. 1980 च्या दशकापासून असं अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतू लागले, म्हणजे धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून तडा जाण्याचा प्रश्नच मिटला. शॉपमध्ये पातं हातात आलं की आम्ही आधी उजेडाकडे धरून ती छिद्रं बघायचो. दोन-चार बुजलेली दिसली की तेवढीच जागा करपलेली, गव्हाळ रंगाची. त्या डागावर इंजिन पुढे जाणार की पातं बदलणार हे ठरायचं.

प्रश्न : विमानाच्या खिडक्या इतक्या लहान आणि गोलसर का? मोठ्या चौकोनी असत्या तर बाहेरचं छान दिसलं असतं. (वाशी)

याचं उत्तर तीन अपघातांच्या मागे आहे, त्यातला पहिला आपल्या देशातला.

जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान ब्रिटिशांचं कॉमेट. 2 मे 1952 रोजी सेवेत आलं. बरोबर वर्षाने, 2 मे 1953 रोजी, कलकत्त्याहून निघालेलं एक कॉमेट वादळात हवेतच मोडलं आणि आतले सर्व 43 जण गेले. तेव्हा दोष वादळाला दिला गेला. मग जानेवारी 1954 मध्ये इटलीच्या एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ अशी आणखी दोन कॉमेट समुद्रावर फुटली. हवामान तेव्हा चांगलं होतं.

मग जे झालं ते प्रत्येक इंजिनिअरने वाचावं असं आहे. ब्रिटिश नौदलाने समुद्राच्या तळाशी कॅमेरे सोडून एल्बाजवळचे तुकडे वर काढले. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात ते लाकडी सांगाड्यावर जागच्या जागी लावले. दुसरीकडे एका चालू कॉमेटचं धड भल्यामोठ्या पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाणी भरून दाब वाढवायचा, उतरवायचा, असं रात्रंदिवस चालवलं. प्रत्यक्ष उड्डाणात वर जाताना केबिन हवेने फुगते आणि उतरताना सैल होते, त्याची ही नक्कल. पाणी एवढ्यासाठी की हवा भरून धड फुटलं असतं तर बॉम्बसारखं फुटलं असतं आणि तडा कुठून सुरू झाला ते कळलंच नसतं. आधीची खरी उड्डाणं धरून सुमारे 3,057 फेऱ्यांनंतर धड फाटलं. तडा एका चौकटीच्या कोपऱ्याशी, रिव्हेटच्या भोकाजवळून निघाला होता. एल्बाच्या अवशेषांत तो छतावरच्या ॲन्टेनाच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघाल्याचं आढळलं.

कॉमेटच्या खिडक्या अगदी काटकोनी होत्या असं पुष्कळ ठिकाणी छापतात. तसं नाही, कोपऱ्यांना गोलाई होती. पण ती अपुरी पडली आणि कोपऱ्यात साठणारा ताण हिशोबापेक्षा बराच जास्त निघाला. एकदा दिलेला ताण धातू सहज सोसतो, पण तोच हजारो वेळा दिला की सूक्ष्म तडा जातो आणि वाढत राहतो. आमच्या भाषेत धातू थकतो. चौकटीची कड जितकी सलग वळणाची, तितका ताण पसरून जातो. खिडकी मोठी केली तर तिच्याभोवतीची मजबुती वाढवावी लागते, म्हणजे वजन, म्हणजे इंधन. म्हणून लहान आणि गोलसर.

ब्रिटिशांनी हा तपास उघड केला, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा स्पर्धक असलेल्या बोइंगलाच झाला. याला मी त्या शतकातली फार मोठी गोष्ट मानतो. तरी प्रश्न संपला नाही. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या 737 विमानाच्या छताचा मोठा भाग हवेतच उडाला. एक हवाई सेविका गेली. वैमानिकांनी विमान कसंबसं उतरवलं म्हणून बाकीचे वाचले. त्या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती, सगळी छोट्या अंतराची, खाऱ्या हवेत. आपल्याकडेही समुद्राची हवा तशीच, म्हणून त्या बातमीनंतर आमच्याकडचे जुने जाणते धडाच्या पत्र्यांचा सांधा बघायला शिडीवर चढले की बराच वेळ खाली येत नसत.

तडा डोळ्यांना दिसत नसेल तर कसा शोधायचा, असं कुणी विचारेल. भाग स्वच्छ धुवायचा, त्यावर एक चमकणारा पातळ रंग लावायचा, तो मुरू द्यायचा, मग पुसून वर पांढरी पूड मारायची. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की तडा असेल तिथे पोपटी रेघ पेटते. केसाएवढी असली तरी. ती दिसली की खोलीतलं बोलणं आपोआप थांबतं.

प्रश्न : कॉन्कॉर्ड 1976 मध्ये आवाजाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होतं. आज लंडनला जायला मुलाला नऊ-दहा तास लागतात. ही प्रगती की अधोगती? (नेरूळ)

पैशाचा हिशोब. कॉन्कॉर्डमध्ये साधारण 100 प्रवासी बसत आणि इंधन लागे ते त्याच्या कितीतरी पट माणसं नेणाऱ्या जंबोच्या तोडीचं. आवाजाचा वेग ओलांडला की विमानाच्या पुढे दाबलाट तयार होते, तिला ढकलत नेण्याची किंमत असते. तीच लाट जमिनीवर स्फोटासारखी ऐकू येते. अमेरिकेने 1973 मध्ये जमिनीवरून असं उडायला नागरी विमानांना बंदी केली, त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. ज्या कंपन्यांनी कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, त्यांत एअर इंडियाही होती. बहुतेकांनी माघार घेतली. एकूण 20 विमानं बनली, प्रवासी सेवेत 14 आली, 2003 मध्ये ती थांबली.

आजचं विमान 1960 च्या 707 पेक्षा वेगाने जात नाही, हे खरं. पण त्या काळी लंडनचं तिकीट काढणारा माणूस सबंध गल्लीत एखादाच असायचा. आज नेरूळमधल्या साध्या घरातला मुलगा जातो. माझ्या मते शतकाच्या उत्तरार्धाची खरी कमाई ती आहे, आणि ती पुन्हा त्या मोठ्या पंख्यामुळेच झाली.

प्रश्न : मुंबईला उतरणारी विमानं खाडीवर असतानाच चाकं का काढतात? अजून दहा-बारा किलोमीटर असतात. (कोपरखैरणे)

शेजाऱ्यांचाच प्रश्न. पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी विमानं आपल्याच डोक्यावरून जातात. तिथे त्यांची उंची दोनेक हजार फूट असते. चाकं बाहेर आली की हवेचा अडथळा वाढतो, वेग आपोआप आटोक्यात येतो, आणि चाकं कुलूपबंद झाल्याचे हिरवे दिवे लागले की नाही हे बघून, नाही लागले तर परत वर जायला, हाताशी वेळ राहतो.

1930 पर्यंत बहुतेक विमानांची चाकं कायम बाहेरच असत. इंजिनांची ताकद आणि वेग वाढल्यावर हा अडथळा खुपू लागला आणि चाकं पोटात गेली. डाकोटाची तर अर्धीच जात, वर ओढल्यावरही खाली दिसत.

चाकांचीच आणखी एक गंमतीची नोंद. इंडियन एअरलाइन्सने 1989 पासून ए-320 विमानं आणली. जगभर या विमानाच्या मुख्य पायाला दोन चाकं असतात. आपण मुद्दाम चार-चार चाकांची करून घेतली होती, वजन जास्त चाकांवर पसरावं आणि आपल्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांनाही ते झेपावं म्हणून. जुन्या फोटोंत बघा, लगेच ओळखू येतील.

प्रश्न : तुम्ही इंजिन इंजिन करता, पण आपण तर जगप्रसिद्ध जर्मन डिझायनर आणून लढाऊ विमान बनवलं होतं. मग मागे का पडलो? माझ्या मते धोरण चुकलं, इंजिन नव्हे. (निवृत्त प्राध्यापक, पाचपाखाडी, ठाणे)

सर, आपलं उदाहरणच माझ्या बाजूचं आहे.

सुरुवात आपली चांगली होती, आणि तीत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना उभा केला, तोच पुढे एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स). तिथे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रान्टल यांच्या हाताखाली शिकलेले. प्रान्टल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. घाटग्यांच्या हाताखाली एचटी-2 हे प्रशिक्षण विमान तयार झालं आणि 1951 मध्ये उडालं. भारतीयांनी आराखडा करून बांधलेल्या या विमानावर वायुदलाच्या वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. घाटग्यांचं नाव आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

मग आले कुर्ट टांक, दुसऱ्या महायुद्धातल्या फोके-वुल्फ 190 चे जनक. त्यांनी आणि आपल्या अभियंत्यांनी केलेलं एचएफ-24 मारुत 17 जून 1961 रोजी उडालं. देखणं, सडपातळ, मागे वळलेल्या पंखांचं. आवाजाच्या दुप्पट वेगाच्या जवळ जावं हा हेतू. पण त्यासाठी ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाची जी जास्त ताकदीची आवृत्ती धरली होती, तिचा विकास ब्रिटनमध्ये अर्ध्यावर थांबला. आपल्याकडे पर्यायी इंजिन नव्हतं. दुसरीकडून मिळवण्याचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. शेवटी साध्या, कमी ताकदीच्या ऑर्फियसवर मारुत उडालं. 147 विमानं बनली, 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चोख काम केलं. जमिनीलगत उडताना फार स्थिर असे, असं वैमानिक सांगत. पण ज्या वेगासाठी ते आखलं होतं तो त्याला आयुष्यभर मिळाला नाही.

तेजस या आपल्या अलीकडच्या लढाऊ विमानाची कथाही ओळखीची आहे. त्यासाठी कावेरी इंजिन आपल्याकडे घडवायला घेतलं, अपेक्षित रेटा मिळेना, आणि 4 जानेवारी 2001 रोजी तेजस पहिल्यांदा उडालं ते अमेरिकन जीई-404 इंजिनावर. धोरण चुकलं हे आपलं म्हणणं मी नाकारत नाही. चुकलं ते असं, की विमान आणि इंजिन एकाच वेळी मागितली गेली. विमानाचा सांगाडा पाचसात वर्षांत उभा राहू शकतो. मघाशी सांगितलं तसलं टर्बाइनचं पातं ओतायला, त्याचा धातू जमवायला, तो हजारो तास चालवून, मोडून, पुन्हा ओतून बघायला दोन पिढ्या जातात. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया यांनी ते काम विमान हातात नसतानाही चालू ठेवलं. आपल्या धातुशास्त्राच्या विभागांना आणि भट्ट्यांना तसा अखंड पैसा आणि धीर मिळायला हवा होता. अजूनही मिळायला हवा.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिला विमान दुरुस्तीत जायचं आहे. नातेवाईक म्हणतात हे मुलींचं काम नाही. शिवाय एका संस्थेने एकरकमी फी मागितली आहे. काय करावं? (खारघर)

मुलीचं काम आहे. जड उचलायला क्रेन आणि गाड्या असतात, माणसाकडून हवी असते ती नजर, चिकाटी आणि खोटी सही न करण्याचा कणखरपणा.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असायला हवं. दोन वाटांत गल्लत करू नका. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी विमानाच्या आराखड्याकडे नेते. विमान तपासून ‘उडायला योग्य’ म्हणून सही करायची तर नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्याचं एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, लायसन्स लागतं. त्यात बी-1 म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी-2 म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. विषयवार परीक्षा डीजीसीए घेतं, आणि प्रत्यक्ष विमानावरच्या कामाचा अनुभव नोंदवल्याशिवाय लायसन्स हातात पडत नाही. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न विचारा: प्रत्यक्ष काम कुठल्या कंपनीत, किती महिने, आणि ते लेखी देता का?

फी भरण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर सीएआर-147 या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थांची यादी असते, तीत या संस्थेचं नाव आणि मान्यता कोणत्या शाखेची व कधीपर्यंतची आहे ते स्वतः बघा. जाहिरातीतल्या शिक्क्यावर जाऊ नका. नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका, असेल तरी एकरकमी देऊ नका, सहामाही हप्ते मागा. आणि मुलीला आत्तापासून इंग्रजीतली तांत्रिक पुस्तिका, अगदी घरच्या मिक्सरची किंवा स्कूटरची का असेना, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची सवय लावा. लायसन्सच्या परीक्षेत आणि नंतर हँगरमध्ये रोज तेच करायचं असतं.